खंडेनवमीचा कोहळा

वाहतूक सुरक्षा शिकवण्यात माझी आजवरची सारी नोकरी गेली. वेग, वळणं, हेल्मेट यांवर बोलून बोलून घसा बसला. पण चेन्नईच्या रस्त्यावरचा कोहळा माझ्या एकाही पुस्तकात नव्हता. खंडेनवमीला इथे गाड्यांची पूजा होते, दृष्ट काढून कुंकू भरलेला कोहळा भर रस्त्यात फोडतात, आणि त्या बुळबुळीत गरावरून दुचाक्या घसरतात. गेल्या वर्षी वेलचेरी भागात, आमच्याच घराच्या कोपऱ्यावर, माझा नवरा घसरला. मांडीचं हाड मोडलं.

यंदा त्याने नेमक्या त्याच दिवशी पुन्हा स्कूटर काढली. तो तंजावरच्या मराठी घरातला, हट्ट जन्मजात. "आज काढली न्हाई तर कधीच काढणार न्हाई गे," म्हणाला. त्याचं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

कोपऱ्यावरच्या शेअर ऑटोवाल्यांना मी आठवडाभर आधीच गाठलं होतं. त्यांचा म्होरक्या तमिळमध्ये म्हणाला, "मॅडम, अपघात होऊ नये म्हणूनच तर फोडतो." मला पगारही त्याचसाठी मिळतो. "फोडा," म्हटलं, "पण लगेच झाडा. वर वाळू टाका." "बघू," म्हणाला. सरकारी बैठकांत हा शब्द मी इतका ऐकलाय की त्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

संध्याकाळी नवरा परतायची वेळ झाली तशी मी झाडू घेऊन खाली धावले. कोपऱ्यावर कोहळे फुटलेच होते. पण म्होरक्या हात पसरून रस्त्यात उभा होता आणि बाकीचे गर कडेला ओढून वाळू पसरत होते. थांबवलेल्या गाड्यांत सगळ्यात पुढे माझा नवरा, एक पाय जमिनीला टेकून, निवांत! मला तिथेच रडू फुटलं. म्होरक्या घाबरला. "सरांना काही झालं नाही, मॅडम!" म्हणूनच रडत होते, हे त्याला कसं सांगू?

"बस मागे," नवरा म्हणाला. माझ्याजवळ हेल्मेट नव्हतं. मी नाही म्हटलं. तो कपाळाला हात लावायला गेला, तो हात डोक्यावरच्या हेल्मेटलाच लागला; मग उतरला आणि स्कूटर ढकलत निघाला. उन्हाळ्यापर्यंत काठी टेकणारा माणूस भराभरा पुढे गेला. मीच मागे पडले.