काय ठाऊक नाही त्याची यादी

दिनांक ९ फेब्रुवारी १९३६, रविवार. ठिकाण : महाड, माझ्या घराची ओटी. हजर : उमेदवार, उमेदवाराचे वडील, उमेदवाराचा मुंबईचा चुलता, हायस्कुलाचे हेडमास्तर (अर्धा तास उशिरा) आणि टिपण ठेवणारा मी. गैरहजर : कोणी नाही. चहा : दोनदा.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी सुरू होते. मी तेव्हा महाडच्या शाळेत सायन्स शिकवत असे आणि कोणतेही काम हाती घेतले की आधी पान आखत असे. घरचे हसत. पण तालुक्यात कोणाला सरकारी किंवा इंग्रजी कागद करायचा झाला की तो माझ्याकडेच येई. त्या दिवशीचे काम मात्र आमच्यापैकी कोणीच पूर्वी केलेले नव्हते.

उमेदवार माझा जुना विद्यार्थी. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत वीस-बावीस घरांची त्याची वाडी. आमच्या शाळेतून मॅट्रिक झाला, पुण्याला शेतकीची पदवी घेतली आणि तिथेच कॉलेजात तात्पुरत्या जागेवर लागला. विषय त्याने घरचाच धरला होता. भाताचे बी टाकण्याआधी आमच्याकडे त्या जागेवर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि वर माती असे थर लावून ते भाजतात. त्याला राब म्हणतात. राब भाजलेल्या जागी रोप तरारून येते, न भाजलेल्या जागी पिवळे पडते. असे का होते, हे शोधून त्यावर त्याला वरच्या पदवीसाठी प्रबंध लिहायचा होता. दोन वर्षे त्याने जमेल तसे प्रयोग केले. मग तात्पुरती जागा संपली. मार्गदर्शक प्राध्यापक शिकवायला तयार होते, पण त्यांच्याकडे पैसे नव्हते.

मुंबईतला एक धर्मादाय ट्रस्ट अशा लोकांना दोन वर्षांची वृत्ती देत असे. महिन्याला खर्चापुरती रक्कम, उपकरणांसाठी थोडे वेगळे, आणि शिवाय तीन महिने दुसऱ्या प्रांतातल्या मोठ्या प्रयोगशाळेत राहून मातीची परीक्षा शिकण्याची सोय. जाहिरात हेडमास्तरांनी वर्तमानपत्रात पाहिली आणि कापून माझ्याकडे पाठवली.

दुसरी वाट चुलत्याने करून ठेवली होती. तो मुंबईला गिरणीत होता आणि वाडीच्या लोकांनी भाड्याने घेतलेल्या खोलीचा कारभारही पाहत होता. त्याने हेडक्लार्काला गाठून पुतण्यासाठी टाइमकीपरची जागा धरली होती. एक जूनला हजर व्हायचे, नाहीतर जागा दुसऱ्याला. धाकट्या बहिणीचे लग्न ठरत होते, त्यामुळे घरात बसून राहणे शक्यच नव्हते. म्हणजे हिशेब साधा होता. वृत्ती मिळाली तर राब, नाहीतर गिरणीचा भोंगा.

"दोन वर्सं आनि काय शिकनार हा?" चुलत्याने विचारले. "शिकूनशान तर आला ना पुन्याहून?"

"शिकणं वेगळं, शोधणं वेगळं," हेडमास्तर म्हणाले.

"हरवलंय काय पन?"

वडील हसले. उमेदवारही हसला, पण मनापासून नाही. त्या दिवसात त्याच्या हाताला सारखी काही तरी मोडायची सवय लागली होती. माझ्या ओटीवरच्या केरसुणीच्या चार काड्या त्याने बोलता बोलता मोडल्या.

अर्जाला काय काय जोडायचे ते मी वहीत लिहिले. पदवीची नक्कल. प्राध्यापकांचे पत्र. केलेल्या आणि करायच्या कामाची हकीकत. वर्तणुकीचा दाखला. आणि उमेदवाराला व त्याच्या कामाला जवळून ओळखणाऱ्या गावच्या गृहस्थांचे पत्र. ट्रस्टाने हे शेवटचे कशासाठी मागितले होते कोण जाणे. बहुधा विषय शेतीचा होता म्हणून असेल.

ते पत्र मिळवायचे काम चुलत्याने अंगावर घेतले. "त्ये माज्यावर सोडा मास्तर. खोलीत बसून आमी आतापातूर पन्नासेक पोरांची पत्रं केली असतील. एक पोरगं परत नाय आलं."

ते खरे होते. वाडीतला पोरगा गिरणीत चिकटवायचा तर खोलीतले जाणते मिळून जॉबरला, म्हणजे गिरणीत माणसे भरणाऱ्या मुकादमाला, पत्र देत. त्यात ठरलेले असे : मुलाला सगळे काम येते, शिकवायला लागणार नाही, काही बाकी नाही. मुलाने साचा, म्हणजे गिरणीतला माग, डोळ्यांनी पाहिलेला नसला तरी हेच. कारण कच्चा माणूस जॉबर दारात उभा करीत नसे. पुढे आठ दिवस शेजारच्या साच्यावरचा गाववाला त्याला गुपचूप शिकवी आणि पत्र खरे होऊन जाई. या रीतीवर अख्खी वाडी जगली होती.

आठवड्यात पत्र आले. वाडीतल्या सहा जणांच्या सह्या आणि चार अंगठे. "सदर मुलास राबाविषयी संपूर्ण माहिती असून त्याचे काम पुरे झालेले आहे. त्यास कोणाकडून काही शिकण्याची गरज उरलेली नाही. तरी कृपा करावी." मी ते वाचले. मला ते फार आवडले. मीच त्याचे चांगले इंग्रजी केले, शेवटच्या वाक्याला थोडा डौलही दिला, आणि यादीत त्या बाबीपुढे बरोबरची खूण मारली. ती खूण वहीत अजून आहे. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे दोष सगळा वाडीवर गेला.

मार्चअखेर ट्रस्टाचे उत्तर आले. तीन ओळी. सोबतच्या पत्रानुसार अर्जदाराचे काम पूर्ण झालेले दिसते आणि त्याला शिकण्याचे काही उरलेले नाही. मग वृत्ती नेमकी कशासाठी हवी ते समितीस उमगत नाही. खुलासा करायचा असल्यास एकवीस दिवसांत करावा.

उमेदवार ते पत्र घेऊन शाळेत आला. मधली सुटी होती. मी वाचेपर्यंत तो खिडकीशी उभा होता. "जाऊ दे सर," तो म्हणाला. "काकाला कळवतो, जागा पक्की कर म्हणून. टाइमकीपरलाही घड्याळ वाचायला लागतंच. सायन्सच आहे ते."

मी म्हटले, "एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस. त्यातले चार टपालात गेले. रविवारी तुझ्या वाडीवर बसू."

दिनांक ५ एप्रिल, रविवार. हजर : हेडमास्तर सोडून सगळे. चुलता उमेदवाराच्या बहिणीच्या लग्नाच्या बोलणीसाठी बोटीने बाणकोटला आणि तिथून मचव्याने महाडला आला होता. त्याला आणि उमेदवाराला घेऊन मी सकाळच्या सर्व्हिस मोटारीने पोलादपूर गाठले आणि पुढे चालत चढलो. डोंगरभर राब भाजणे चालू होते. धूर वर जात नव्हता, उतारावरून खाली सरकत होता. त्या धुराला शेणाचा, ओल्या सालीचा आणि तापलेल्या मातीचा असा एक वास असतो. मी नंतर किती गावांत राहिलो, पण उन्हाळा लागला की नाक अजून तोच वास शोधते.

वडील खाचरात होते. काखेत काठी, चेहरा काजळलेला. आम्ही बांधावर जांभळीच्या सावलीत बसलो. मी पत्राचा अर्थ सांगितला आणि म्हणालो, आपल्याला आता उलट पत्र लिहायचे आहे. मुलाला काय येत नाही, काय कळलेले नाही, ते.

चुलता ताडकन उठला. "मंजे पोराला काय येत नाय, असं आमी लिवून द्यायचं? सह्या करून? मास्तर, तुमचं डोकं ठिकानावर हाय ना? जॉबरला असं सांगितलं तर तो हाकलूनशान देल. एकदम!"

"हे जॉबर नाहीत. ज्याला सगळं येतं त्याला हे पैसे देत नाहीत."

"उफराटंच हाय मग सगळं."

"आहे उफराटं."

"आनि ह्याची सोयरीक कशी व्हायची? पोरगा अडानी म्हनून कागदावर सही करून देतोय आमी!"

उमेदवार मान खाली घालून बसला होता. मी वही उघडून वर लिहिले, 'काय ठाऊक नाही', खाली आकडे घातले आणि त्याला म्हटले, सांग. त्याने दोन बाबी सांगितल्या, पुस्तकातल्या, आणि थांबला. दोन वर्षे तो प्रत्येकाला हेच पटवत आला होता की आपले काम जवळजवळ झाले आहे. घरी, प्राध्यापकांना, स्वतःलाही. ते एकाएकी उलटे बोलायला त्याचे तोंड उघडेना.

मग वडिलांनी काठीने राबातला एक धुमसणारा थर सारखा केला आणि तिकडेच बघत म्हणाले, "मास्तर, चाळीस वर्सं राब भाजतोय मी. का भाजतो, त्ये मला ठाऊक नाय. बा भाजायचा म्हनून भाजतो. लिवा."

मी लिहिले.

"ऐनाच्या डहाळीचा राब आंब्याच्या डहाळीपरीस बरा. का, त्ये ठाऊक नाय. लिवा. माती वरून घालायची ती भाजलेलीच रोपाला लागते, की नुसती झाकनाला, त्ये ठाऊक नाय. वाऱ्याच्या दिशेकडून पेटवला तर लवकर जळतो आनि रोप हलकं येतं. उलट पेटवला तर सावकाश जळतो आनि रोप काळंभोर. ह्ये मी डोळ्यांनी बगितलंय. का, त्ये ठाऊक नाय."

उमेदवाराने मान वर केली. "बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कदी इचारलंस रे? तू आल्यापासून मलाच शिकवतोस."

चुलता फस्सकन हसला. त्या हसण्याने गाठ सुटली. उमेदवार वडिलांजवळ सरकून बसला आणि प्रश्न विचारू लागला. राब किती वेळ जळतो? वरचा थर ओला असला तर? दुसऱ्या वर्षी त्याच जागी भाजले नाही तर? वडील अर्ध्या प्रश्नांना माहिती देत, अर्ध्यांना "त्ये ठाऊक नाय" म्हणत. आणि ते म्हणताना त्यांच्या आवाजात कसलाही कमीपणा नव्हता. चुलत्यालाही चेव आला. "मी सांगतो एक! राख दुसरीकडून आनून टाकली तर तसं रोप का येत नाय? आमच्या आज्याने क्येलेलं. नाय आलं. लिवा माज्या नावावर!"

पाठीमागून उमेदवाराची आई भाकरी आणि कैरीचे तिखट घेऊन आली. काय चालले आहे ते ऐकून म्हणाली, "एवढं ठाऊक नाय, आनि ह्ये रोज मला शिकवतात, चूल कशी पेटवायची!"

दुपारपर्यंत चौदा बाबी झाल्या. उमेदवाराने त्यांतून आपल्या कामाची हकीकत पुन्हा लिहिली. कोणता प्रश्न कोणत्या प्रयोगाने सुटेल, त्यासाठी कोणते उपकरण लागेल, आणि परप्रांतातल्या प्रयोगशाळेत तीन महिन्यांत नेमके काय शिकायचे. पहिल्या अर्जात तेच कलम अगदी मोघम होते. यादीवर सहा सह्या आणि चार अंगठे पुन्हा झाले. चुलत्याने सही करताना एवढेच म्हटले, "मुंबईला कुनाला दावू नका म्हंजे झालं." सोळाव्या दिवशी पाकीट टपालात पडले. रजिस्टर.

मे महिना वाईट गेला. शाळेला सुटी होती. मी दर दिवशी पोस्टात जाई आणि पोस्टमास्तर लांबूनच मान हलवी. मोटारीच्या अड्ड्यावर उमेदवार भेटला की आम्ही हवापाण्यावरच बोलत असू. त्याने ट्रंक बांधली होती. एकोणतीस मेला तो मुंबईला निघणार होता. सव्वीसला पत्र आले. समितीने दोन वर्षांची वृत्ती मंजूर केली होती आणि खाली कोणी तरी हाताने एक ओळ लिहिली होती : गावकऱ्यांची यादी प्रबंधाला जोडावी.

वाडीवर गूळखोबरे वाटले. टाइमकीपरच्या जागेवर चुलत्याने शेजारच्या घरचा मुलगा लावला आणि त्याचे पत्रही रिवाजाप्रमाणेच केले. काही बाकी नाही म्हणून. वडील मला वेशीपर्यंत सोडायला आले आणि तिथे थांबून म्हणाले, "मास्तर, हा आता इंग्रजीत लिवनार. आमी सही क्येली नाय ठाऊक म्हनून. कळेल त्ये आमाला कोन सांगनार?"

मी म्हटले, मी सांगेन. चौदाच्या चौदा बाबींची उत्तरे मराठीत लिहून वाडीवर वाचून दाखवीन. आणि घरी येऊन ते वहीत टाकले. जबाबदारी : मी.

प्रबंध झाला, पदवी मिळाली. परप्रांतातल्या ज्या प्रयोगशाळेत तो तीन महिन्यांसाठी गेला, तिथेच पुढे कायमचा लागला. आता त्याच्या हाताखाली मुले संशोधन करतात. बांधणी केलेली एक प्रत त्याने मला पाठवली. यादी शेवटी जोडलेली आहे, सह्यांसकट. चुलता आता नाही. वडील आहेत. पाठ वाकली आहे, पण महाडला आले की माझ्या ओटीवर पाणी प्यायला थांबतात.

नऊ बाबींचे मराठी मी केले आणि तीन खेपांत वाडीवर वाचले. वाऱ्याच्या उलट पेटवण्याची बाब वाचली तेव्हा वडील म्हणाले, "बरुबर," आणि शेजाऱ्याकडे असे पाहिले की मला माझ्या सगळ्या मेहनतीचे सार्थक वाटले. मग माझी बदली झाली, मग घरातली आजारपणे, मग मुलींची लग्ने, मग पेन्शन घेऊन पुन्हा महाड. दहावी बाब, राख दुसरीकडून आणून टाकण्याची, लांब आहे. तिच्यात आकड्यांची आठ कोष्टके आहेत. ती सोप्या बोलीत कशी सांगायची ते मला अजून जमलेले नाही. अकरावी ते तेरावी त्या मानाने सोप्या आहेत. चौदावीपुढे प्रबंधातच लिहिले आहे की निश्चित सांगता येत नाही.

मागच्या बाजाराच्या दिवशी म्हातारा आला होता. पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला आणि विचारले, "लिवलं का हो मास्तर, फुडलं?"

दहा ते चौदा : बाकी.