निम्मं परतीचं

तांडेलमामा कुठेही गेले तरी अर्ध्यातून परत यायचे. हा विसराळूपणा नव्हता, तत्त्व होतं. अर्नाळ्याच्या बंदरातून त्यांनी उभा जन्म मच्छीची बोट समुद्रात नेली. बोटीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल, आणि या तांडेलाचा नियम असा की टाकीतलं डिझेल निम्म्यावर आलं की जाळ्यात कितीही मासळी असो, बोटीचं तोंड किनाऱ्याकडे वळवायचं. "निम्मं परतीचं," ते म्हणत, "त्याला हात लावायचा नाय." या नियमामुळे त्यांच्या बोटीवरचा एकही माणूस कधी समुद्रात अडकला नाही, हे खरं. पण जमिनीवर आल्यावरही नियम सुटला नाही, हे आम्हा नातेवाइकांचं दुर्दैव.

जेवायला बोलावलं तर मामा अर्ध्या पोटी उठत, कारण परत चालत जायचं असे. नाटकाला नेलं तर मध्यंतरात चपला शोधू लागत. मी त्यांची सख्खी भाची, विरारला शाळेत शिकवते, म्हणून मला ते मास्तरीन म्हणत. माझ्याशी भांडण झालं तरी ते मधेच उठून जात आणि उरलेलं भांडण मला मामींशी करावं लागे. आता मामा नाहीत, म्हणून हे निवांतपणे लिहिते आहे. असते तर अर्धं वाचून कागद परत दिला असता.

गुडघे गेले तेव्हा मामांनी बोट धाकट्या भावाच्या हवाली केली. त्याच सुमारास मामींच्या माहेरची नायगावच्या खाडीलगतची शेती बिल्डरच्या टॉवरखाली गेली आणि मामींच्या वाट्याला बऱ्यापैकी रक्कम आली. मामींना त्यातून काय हवं होतं ते कोणी विचारलं नाही. मामांनी जाहीर केलं, "गारी घ्यायची. पन इजेवरची. जल्मभर डिझेल हुंगलाय, आता नको." आणि तीही साधीसुधी नाही. ज्या दुकानात शिरताना मला चपला बाहेर काढाव्यात की काय असं वाटलं, त्या दुकानातली.

तिथल्या टायवाल्या मुलाला मामांनी पहिला प्रश्न विचारला, "शिलेंडर किती?"

"एकही नाही सर."

"मंग चालते कशावर? वाऱ्यावर?" मुलाने बॅटरी समजावून सांगितली आणि म्हणाला, "सर, रेंज सहाशेची आहे." मामा उठून उभे राहिले. आमच्याकडे रेंज म्हणजे मोबाइलची. अर्नाळा किल्ल्याच्या बेटामागे बोट थोडी आत गेली की फोन मुका होतो, आणि घरी बायका देवापुढे बसतात. या गाडीतल्या यंत्राने सहाशे किलोमीटर आत समुद्रातही फोन लागतो असं मामा समजले. त्यांनी त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरा, गारी रावदे. हिच्यातला तेवरा रेंजचा डबा काढून दे, भावाच्या बोटीवर बसवतो." मी खरा अर्थ सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मग लगेच हिशेब करून म्हणाले, "म्हंजे जायचे तीनशे."

चाचणीसाठी हायवेवर नेलं तेव्हा त्या मुलाने आपली हुशारी दाखवायला पाय दाबला. शून्यावरून शंभरावर ती गाडी किती पटकन गेली हे मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा मामांची टोपी मागच्या सीटवर माझ्या मांडीत होती. मामा म्हणाले, "चांगली हाय. आता इंजीन चालू कर." गाडी घेतली ती या चपळाईवर खूश होऊन, आणि नंतर कायम चाळीसच्या वेगाने भाजीच्या टेम्पोमागून चालवली.

इथे नीताबद्दल सांगायला हवं. नीता मामांची एकुलती एक मुलगी. तिने ऑफिसातल्या कोल्हापूरच्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलात काही खोट नव्हती. मामांचा आक्षेप एकच, "ज्या गावाला दर्या नाय तिथं पोर द्यायची नाय." लग्न झालं. मामा आले, अक्षता टाकल्या आणि पहिली पंगत बसायच्या आत उठून गेले. त्यानंतर मुलीच्या कोल्हापूरच्या घरी कधी गेले नाहीत, आणि मामींनाही एकटीला पाठवलं नाही. नीताला मुलगी झाली तीसुद्धा दोघांनी फोनवरच पाहिली. मामा फोनच्या कडेला उभे राहत, म्हणजे पडदा दिसेल पण स्वतः दिसणार नाहीत असे, आणि मामींना हळूच म्हणत, "इचार, दात आलं का."

मामींना काय हवं होतं ते आता कळलं असेल. भांडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी देव काढले. गाडी आली त्याच महिन्यात कार्ल्याच्या एकवीरेचा नवस आठवला. तो फेडून झाला आणि जेजुरीचा खंडोबा स्वप्नात आला. नकाशात पाहिलं तर मामींचे देव एकाच रस्त्याने दर महिन्याला थोडे थोडे कोल्हापूरकडे सरकत होते. मामांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

जेजुरीच्या वेळी घाट चढून बॅटरी भराभर उतरली आणि सासवडपाशी बरोबर निम्म्यावर आली. मामांनी गाडी बाजूला घेतली, जेजुरीच्या दिशेला हात जोडले, मामींना जोडायला लावले आणि गाडी वळवली. खंडाळ्याचा घाट उतरताना पडद्यावरचा आकडा उलटा वाढायला लागला. उताराला चाकांतून बॅटरीत वीज परत जाते, पण मामा हरखून म्हणाले, "बगा, भरती लागली."

"मंग फिरवा मागं," मामी म्हणाल्या.

शेवटी कोल्हापूरची अंबाबाई निघालीच. मला बरोबर घेतलं ते वाटेतली चार्जिंगची ठिकाणं मोबाइलवर दाखवायला. अर्थात मामा तिथे थांबणार नव्हते. अनोळखी बंदरात ते कधी डिझेल घेत नसत, त्यात पाणी मिसळलेलं असतं म्हणून. विजेत पाणी कसं मिसळणार, हे मी विचारलं नाही. मामींच्या मांडीवर सुक्या बोंबलांची आणि सुकवलेल्या कोळंबीच्या सोड्यांची पिशवी होती. देवीला बोंबील कशाला, हेही कोणी विचारलं नाही. नव्या चामड्याच्या सीटांना अर्नाळ्याच्या वाळवणाचा वास लागला होता.

पुणं मागे पडलं आणि शिरवळच्या अलीकडे आकडा पन्नासवर आला. मामांनी गप्पपणे गाडी बाजूच्या रस्त्याला घेतली. पुढे वळायला जागा होती.

"थांबवा," मामी म्हणाल्या. गाडी थांबली. पिशवी घेऊन त्या उतरल्या. "तुमी फिरा घरी. मी यष्टीन जाते." आणि त्या कडेकडेने चालू लागल्या.

आता ती गाडी आवाज करत नाही, ही गोष्ट ती विकणारे मोठ्या कौतुकाने सांगतात. मामांनी काच खाली केली आणि मामींच्या मागे, त्यांच्याच चालीने, गाडी सरकवत नेली. हायवेवर ट्रकांची घरघर चालू होती. मामींना वाटलं आम्ही परत गेलो. मग त्या मोठ्याने बोलू लागल्या. आधी मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मागच्या सीटवर मी ओठ चावून हसू दाबत होते. मामा स्टिअरिंग धरून शिक्षा झालेल्या मुलासारखे ऐकत होते. मग मामींचा आवाज खाली आला.

"दर्या नाय त्या गावाला, म्हनून काय मानसं नाय तिथं? माजी एकच पोर. तिची चूल नाय बगितली मी अजून. नातीला मांडीवर नाय घेतली. मी मेल्यावर नेनार काय मना?"

माझं हसू गेलं. मामा बराच वेळ गाडी तशीच नेत राहिले. मग काचेतून तोंड काढून म्हणाले, "बस गारीत."

मामी दचकून थांबल्या. "तुमी गेलाव नाय?"

"यष्टी इथं थांबत नाय. बस."

"फिरवनार असाल तर नाय बसनार."

"नाय फिरवत. बस, ऊन लागलं."

पुढचा प्रवास मी विसरणार नाही. वीज वाचावी म्हणून मामांनी एसी बंद केला. खंबाटकीचा घाट आम्ही बैलगाडीच्या वेगाने चढलो. त्या महागड्या गाडीत आम्ही तिघं घामाने निथळत होतो, बोंबलांचा वास दाटला होता, मागून ट्रकवाले भोंगे वाजवत होते. आकडा उतरत होता तसे मामा पुढे वाकत होते. निम्म्याच्या खाली काय असतं हे त्या माणसाने जन्मात पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांना खरंच भीती वाटत होती. तरी ते थांबले नाहीत. त्या दिवशी मला माझा मामा फार आवडला.

कोल्हापूरला नीताच्या दारात पोचलो तेव्हा आकडा लाल झाला होता. नीता धावत आली, आईच्या गळ्यात पडली, मग वडिलांसमोर येऊन नुसती उभी राहिली. मामा म्हणाले, "वायर लावायला बटन हाय काय घरात?"

जावई धावला. म्हणाला, "मामा, घरच्या सॉकेटवर दीडेक दिवस लागेल. हायवेला जलद चार्जर आहे, अर्ध्या तासात ऐंशी टक्के होतंय बघा. मी आणतो भरून."

"नको," मामा म्हणाले. "बकाबका खाल्लेलं आंगाला लागत नाय. सावकाश भरूदे." मग खिडकीतून वायर आत घेतली, फ्रिजची पिन काढून तिथे लावली, आणि नातीला उचलून तिचे दात मोजायला बसले. संध्याकाळी जावयाबरोबर रंकाळ्यावर जाऊन आले आणि एवढंच म्हणाले, "पानी हाय तसं गावात."

माझी रजा संपली होती. मी दुसऱ्या दिवशी एसटीने परत आले. आठवडा गेला, दुसराही संपत आला, तरी अर्नाळ्याच्या घराला कुलूपच. शेवटी मी मामींना फोन केला आणि विचारलं, गाडी बिघडली की काय.

मामी हळू आवाजात बोलत होत्या. "बाय, गारी कवाच भरली. हे रोज सकाली उठून गारीची पिन काढून ठेवतान आनि जावयाला सांगतान, तुमच्या गावच्या लायटीला जोर नाय."

"आणि जावई काय म्हणतात?"

"तो पन बोलतो, व्हय मामा, आमच्याकडं व्होल्टेज कमीच असतंय."