चिठ्ठीतून निघालेली नऊ माणसं

दुष्काळाच्या त्या साली मी एका गावात ग्रामसेवक होतो. गावचा आड आटला होता. सरकारनं एक विहीर मंजूर केली आणि ती कुठं खणायची यावरून महिनाभर वाद चालला. सरपंचांना ती त्यांच्या मळ्याच्या बांधाला हवी होती. मी तसा ठराव आधीच लिहून पिशवीत ठेवला होता. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मला वाटलंही नाही.

मग गटविकास अधिकारी आले. हळू बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, मतदारयादीतलं एकेक नाव चिठ्ठीवर लिहा, घागरीत टाका आणि नऊ चिठ्ठ्या काढा. ती नऊ माणसं सगळ्यांचं ऐकतील, जागा बघतील, मग ठरवतील. पंचायतीनं ते मान्य करायचं. सरपंच हसून कबूल झाले. कुणीही निघालं तरी आपल्या शब्दाबाहेर जाणार नाही, अशी त्यांची खात्री होती. माझीही होती.

चिठ्ठ्या मीच काढल्या. गावातला सगळ्यात मोठा जमीनदार निघाला, न्हावी निघाला, माहेरी परतलेली एक तरुण बाई निघाली. शेवटची चिठ्ठी बौद्ध वस्तीतल्या एका म्हातारीची होती. ती दुष्काळी कामावर खडी फोडायची. बैठका नेहमी देवळात व्हायच्या, पण तिथं तिला पायरीखाली थांबावं लागलं असतं, म्हणून गटविकास अधिकाऱ्यांनी शाळेचा वर्ग उघडायला लावला. कुणाची मजुरी बुडू नये म्हणून नऊ जणांची हजेरीही त्यांनी दुष्काळी कामावरच धरायला सांगितली.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी आधी माहिती ऐकली. भूजल खात्याच्या साहेबांनी दोन जागा सांगितल्या. मळ्याजवळ पाणी वर होतं. ओढ्याकाठच्या गायरानात ते खोल होतं आणि कमीही. दुसऱ्या दिवशी नऊही जण उन्हात दोन्ही जागा पायी फिरून आले. परत वर्गात बसल्यावर न्हाव्यानं विचारलं की, मळा उद्या विकला तर विहिरीची वाट कुणाची? भूजलचे साहेब म्हणाले, ते आमच्या खात्याचं काम नाही.

मग दाराशी बसलेली म्हातारी बोलली. आवाज चढवला नाही.

"पानी कुठं हाय ते सायबांनी सांगितलं. पर तिथं आमचा पोहरा पडंल का न्हाय, ते कोन सांगनार?"

जुन्या आडावर तिच्या वस्तीला पोहरा टाकता येत नव्हता. दुसऱ्यानं ओतलं तेवढं पाणी घ्यायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. त्या गावच्या एकाही कागदावर मी ते कधी लिहिलं नव्हतं.

जमीनदारांनी दाराकडं तोंड वळवलं. मग म्हणाले, "बाई इचारत्यात ते खरं हाय. आधी ते ठरवा."

'इचारत्यात.' त्यांच्या घराण्यातल्या कुणी त्या वस्तीतल्या माणसाबद्दल असं आदरानं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी निकाल झाला. विहीर गायरानात, आणि पोहरा सगळ्यांचा. पाणी खोल असलं तर जास्त खणू, असं तरुण बाईनं वर लिहून घ्यायला लावलं. मी पिशवीतला ठराव फाडला आणि त्यांनी सांगितला तसा नवा लिहिला. तिघांचे अंगठे, बाकीच्यांच्या सह्या. सरपंचांनी कपाळाला आठ्या घालून सही केली, पण केली.

पाणी लागलं ते अंदाजापेक्षा बरंच खाली. घरटी दोन घागरी पुरेल एवढंच. गावातली काही घरं महिनाभर तिकडं फिरकली नाहीत, टँकरची वाट बघत बसली. मग एका सकाळी जमीनदारांची सून घागर घेऊन आली. पुढं म्हातारीच्या वस्तीतल्या, खडी फोडणाऱ्या चौघीजणी होत्या. कुणी बाजूला झालं नाही, आणि तीही पुढं सरकली नाही. पदर सावरून आपला नंबर येईस्तोवर उभी राहिली.