डेअरीच्या तीन टाक्या

आमच्या ह्यांच्या हत्यारांच्या पिशवीतून पेचकस कमी आणि किस्से जास्त निघतात. एक सांगायला घ्यावा तर त्याला चिकटून चार येतात. पण ह्या डेअरीचे मी नुसते ऐकलेले नाहीत, मी तिथे होते. तारांच्या टोकांना नंबरांच्या नळ्या चढवायचं काम माझं, आणि लहानगा ओंकार कडेवर.

काम असं. दुधाच्या तीन टाक्या. प्रत्येकीत तापमान सांगणारा एक सेन्सर, सळईसारखा. त्याच्या तारा पॅनलमधल्या इनपुट मॉड्यूलला जोडल्या की दूध किती गार आहे ते पडद्यावर दिसतं, आणि दूध तापलं तर भोंगा वाजून गार करायचं मशीन आपोआप सुरू होतं. डेअरीच्या साहेबांनी ट्रायल पास केली तर पुढची कामंही इथेच, बनारसात. नाहीतर हे सुरतेला नोकरीला, आणि मी इथे बाळाला घेऊन एकटी.

*

हे घरी ओट्यावर मॉड्यूल मांडून बसले आणि सेन्सर सरळ उकळत्या चहात घातला. पडद्यावर अठ्ठ्याण्णव. हे खूश!

मामंजींनी विचारलं, "साखर किती पडली ते सांगतं का?"

"नाही, बाबा."

"मग चाखूनच बघावं लागणार."

*

मामंजी इथल्या भोसले घाटावर पूजा सांगतात, तेव्हा नवं पॅनल पूजेशिवाय सुरू होणं शक्यच नाही. ह्यांनी बजावलं होतं, "हळदकुंकू दारावर लावा, आत नको." मामंजींनी ऐकलं. कुंकू दारावरच लावलं. गंगाजल मात्र आत शिंपडलं.

जेठ महिन्याची गरमी, टाक्या रिकाम्या, आणि पडद्यावर आकडा उतरत उतरत शून्याच्या खाली.

मामंजी हात जोडून म्हणाले, "कैलासाहून आशीर्वाद आला."

हे शेजारणीचं केस वाळवायचं मशीन आणून मॉड्यूल वाळवत बसले.

*

मग डेअरीचे ऑपरेटर पांडेजी. त्यांचा फोन मीच उचलला. "भाभीजी, भैया को जल्दी भेजिए, चौथी टंकी का दूध फट रहा है।"

हे जेवणावरून उठून पळाले. लंका चौक ओलांडल्यावर आठवलं, टाक्या तीनच! मॉड्यूलला जागा चार होत्या, चौथीला काही जोडलेलंच नव्हतं आणि ती बंद करायची राहून गेली होती. तीच पडद्यावर तापत बसली होती.

"पांडेजी, चौथी टंकी है कहाँ?"

"वही तो हम लोग ढूँढ रहे हैं, भैया।"

*

आणि ट्रायल. तिन्ही टाक्या भरलेल्या, पडद्यावर चार, चार, चार. साहेब कितीतरी वेळ बघत राहिले.

"ये हिलता क्यों नहीं? नंबर लिखकर छोड़ दिया है क्या?"

"साहब, दूध ठंडा है, इसलिए।"

"हम कैसे मान लें?"

ह्यांनी पहिल्या टाकीच्या खोबणीतून सेन्सर ओढून काढला. पांडेजी गरम पाणी आणायला गेले ते गेलेच. साहेब घड्याळ बघायला लागले. इकडे सकाळपासून मला ओंकारचं अंग कढत लागत होतं आणि घरचं थर्मामीटर फुटलेलं. मी सेन्सर पदराने पुसला आणि सरळ त्याच्या काखेत धरला.

"अगं, काय करतेस?"

ओंकारने भोकाड पसरलं. पडदा हलला. दहा, वीस, तीस. छत्तीस पूर्णांक आठवर थांबला. ताप नव्हता!

तेवढ्यात भोंगा वाजला, लाल दिवा लागला आणि बाहेर दूध गार करायचं मशीन धडधडत सुरू झालं.

साहेब कानांवर हात ठेवून म्हणाले, "पास है भाई, पास है. पहले बच्चे को टंकी से निकालिए।"