टेकून उडालेली विमानं

माझा मामा जन्मभर एकाच धावपट्टीचा रखवालदार होता. लढाईच्या काळात घाईघाईने बांधलेली आणि लष्कर निघून गेल्यावर फ्लाइंग क्लबच्या गळ्यात पडलेली ती पट्टी. पुढे तिथे पिकांवर फवारणी करणारी विमानं आली, अडल्या रोग्याला शहरात नेणारी आली आणि शेवटी विमान चालवायला शिकणारी पोरं. मामा सकाळी पट्टी पायी तुडवत खडे वेचायचा, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी फाटली की मामीच्या मशीनवर शिवून आणायचा आणि उतरलेलं प्रत्येक विमान वहीत लिहायचा. त्या वहीपायी तो स्वतःच्या लग्नालाही उशिरा पोचला होता. मामी म्हणायची, माझी सवत कागदाची आहे.

गेल्या वर्षी वरून पत्र आलं. दिवसाला सरासरी दहा विमानंही उतरत नसतील तर विमानतळ बंद. मामा निर्धास्त होता, वह्या चोख होत्या. तपासणीला साहेब आले, पाच वर्षांच्या वह्या चाळल्या आणि दिवसाला तीन असा आकडा लिहून गेले.

मी चक्रावले. पट्टीकडेच्या मामाच्या पत्र्याच्या खोलीत बसून मी लहानपणापासून पाहत आले होते. शिकाऊ विमान घिरट्या घालतं, चाकं पट्टीला टेकवतं आणि न थांबता पुन्हा उडतं. एका सकाळीत वीस वेळा. ती कुठे लिहिलीस, मी विचारलं. मामा म्हणाला, ती उतरली कुठे? दारावरून गेलेल्याला आपण पाहुणा आला म्हणतो का?

क्लबच्या शिक्षकाला विचारलं. टेकलं की ते उतरलंच धरतात म्हणाला, आणि अपिलात फक्त विमानतळाचीच वही चालते, क्लबची नाही. मला मामाचा असा संताप आला! एवढा काटेकोर माणूस, आणि तीस वर्षांत एकदाही कुणाला विचारू नये?

अपिलाला आठ दिवस होते. मी वह्या आणि पेन त्याच्या पुढ्यात ठेवलं. जे खरंच घडलं तेच लिहायचं, यात खोटं काय?

"किती लिहू?" तो म्हणाला. "मी मोजलीच नाहीत गं."

पेन तसंच पडून राहिलं. मुदत संपली.

बंद पट्टीवर वरून दिसेल अशी मोठी फुली रंगवावी लागते. ते कामही मामालाच सांगितलं. दोन दिवस तो गुडघ्यांवर सरकत रंगवत होता. मी मदतीला गेले तर ब्रश हातातून सोडेना. शेवटच्या टोकापाशी आल्यावर मात्र त्याने ब्रश खाली ठेवला.

"माझ्यामुळेच गेलं ना?"

मी नाही म्हणायला हवं होतं. भाची असते कशाला? पण ज्याने कधी अंदाजाने एक आकडा लिहिला नाही, त्याच्या तोंडावर खोटं बोलणं मला जमेना.

"हो, मामा."

त्याने मान हलवली आणि उरलेला कोपरा रंगवायला घेतला.