हातावरच्या रेघा

काल आठवडी बाजारात, बांगड्या-टिकल्यांच्या गाडीपाशी एक बाई लिपस्टिक बघत होती. मनगटावर रेघ ओढायची, हात उन्हात धरायची. "दादा, स्वस्तातली दाखवा, पण ओठ फुटायला नकोत." तिचा नवरा पिशवी धरून शांत उभा होता.

मी असा कधी उभा राहिलो नाही. बहिणीच्या लग्नाआधी माझी बायको, सुनंदा, अशाच गाडीपाशी थांबली होती. गाडीवाल्यासमोर मी म्हणालो, "आता या वयात कुणाला दाखवायचंय? चल." ती तेव्हा बत्तीस वर्षांची होती. "नुसतं बघत होते हो," म्हणत तिने लिपस्टिक परत ठेवली. रिक्षात मात्र तिने मनगटावरच्या रेघेवरून बोट फिरवून हळूच ओठांना लावलं. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. थोडक्या पैशात चांगलं शोधायचं तर वेळ लागतो; मी तिला तो वेळसुद्धा दिला नाही.

काल गाडीवाल्याने विचारलं, "वहिनींना कोणता रंग चालतो?" मला सांगता येईना. शेवटी मी स्वतःच्याच मनगटावर तीन रेघा ओढून घेतल्या आणि घरी येऊन हात तिच्यापुढे धरला. "यातला कुठला आणू?"

तिने माझा हात खिडकीच्या उजेडात नेला, बराच वेळ बघितला.

"आता या वयात कुणाला दाखवायचंय?" ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. वीस वर्षांनीही वाक्य मात्र जसंच्या तसं माझंच होतं.