दोन बोटं माया

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. ते शिंपी होते, आणि गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, एवढंच. चाळीस वर्षं एकाच दुकानात त्यांनी पँटी, कोट आणि झगे शिवले. डोळे सुई ओवायला कुरकुरू लागले तेव्हा दुकान बंद केलं आणि कापड कापायचं मोठं टेबल तेवढं घरी आणून पुढच्या खोलीत ठेवलं. त्यामुळे त्या खोलीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागं सरावं लागे. मास्तरीणबाई, म्हणजे मास्तरांची बायको, त्या टेबलाला ‘तुमची थोरली’ म्हणत. आल्यागेल्याला सांगत, "जपून हं, थोरलीचा कोपरा लागेल."

धंद्यात मास्तरांचे दोन नियम होते. पहिला, अंग कधी चुकत नाही, चुकतो तो कपडा. कुणाचा एक खांदा पडलेला असो की पोट पुढं आलेलं, त्यांनी गिऱ्हाइकाला कधी तसं बोलून दाखवलं नाही. दुसरा नियम मायेचा. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला शिंपी माया म्हणतात. माणूस सुटला, पोर वाढलं, की शिवण उसवायची आणि आतली माया बाहेर काढायची. बाकीचे शिंपी एक बोट माया ठेवत, मास्तर दोन. कापड वाया जातं म्हणून कुणी तक्रार केली तर ते म्हणत, "असू दे. लागली तर आहे."

त्यांच्या घराच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या होत्या आणि खाली परस. मधली पायरी बाहेरच्या बाजूला किंचित कललेली होती. तिला सिमेंटचा हात मारायला हवा, असं मास्तर दहा वर्षं म्हणत होते. एका सकाळी ओल्या कपड्यांची बादली घेऊन उतरताना मास्तरीणबाईंचा पाय त्याच पायरीवरून सरकला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं. पुढचे दोन महिने लेकीकडे काढायचे ठरले, कारण तिचं घर दवाखान्याजवळ होतं. त्या पायरीचा दोष मास्तर स्वतःकडे घेत होते, मन त्यांना आतून खात होतं.

आठवड्याभरानं बाईंचा फोन आला. "घरी येईन, पण मागच्या दाराला कुलूप घाला. मी काही आता परसात पाऊल टाकायची नाही."

"अगं, पण..."

"नाही म्हणजे नाही. मला ती पायरी झोपेतसुद्धा दिसते."

मास्तर हादरले. ही बाई घरात फक्त झोपायला आणि स्वयंपाकाला यायची. बाकी तिचा मुक्काम परसात. कपडे वाळत घालणं परसात, भाजी निवडणं परसात, भिंतीपलीकडच्या शेजारणीशी भांडण आणि समेट, दोन्ही परसातच. ती जर पुढच्या खोलीत भिंतीकडे बघत बसून राहिली, तर मोडलेला खुबा जुळेल पण बाई जुळायची नाही, हे मास्तरांना पक्कं कळत होतं. त्यांनी ठरवलं, बाई खाली उतरत नाही ना, मग परस वर आणायचं. पायऱ्याच झाकून टाकायच्या. दाराच्या उंबऱ्याला सपाट असा लाकडी ओटा करायचा, धरायला कठडा, बसायला बाक, आणि दुपारचं ऊन थेट येतं म्हणून वर मांडव.

लेकीला त्यांनी हे गुपचूप सांगितलं. आईला कळू द्यायचं नाही, असं बजावलं. लेकीनं फोनवर चित्रं पाठवली. "बाबा, ओट्याला डेक म्हणतात आणि मांडवाला पर्गोला." चित्रात डेकवर सोफा होता, लोंबते दिवे होते, आणि सोफ्यावर एक पांढरं कुत्रं होतं.

"कुत्रं सोडून बाकीचं कितपत जमतं ते बघतो," मास्तर म्हणाले.

दवाखान्यानं खिसे उलटे करून झटकले होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण इथं अंथरूणच उसवलेलं होतं. मास्तर जोडाजोडीला लागले. जवळच्या गोदामात माल ठेवायच्या लाकडी चौकटी मोडून मागं टाकत, त्या रखवालदारानं ‘न्या की’ म्हणून दिल्या. खिळे काढून त्यांच्या फळ्या सोडवण्यात पहिले आठ दिवस गेले. खांबांसाठी पाडकामातले जुने वासे मिळाले. नवं म्हणून विकत घेतलं ते सिमेंट, खांबांच्या बुडाला लावायचं डांबर आणि नटबोल्ट.

अक्कल उसनी मिळाली ती पलीकडच्या गल्लीतल्या सुतारमिस्त्रींकडून. मास्तरांनी त्यांचे कोट शिवले होते आणि पोट वाढेल तसे ते उसवूनही दिले होते, त्यामुळे मिस्त्री संध्याकाळी तासभर येऊन जात. पहिल्या दिवशी त्यांनी परसात पाणसळ ठेवली, आतला बुडबुडा पळत एका टोकाला गेला, आणि ते म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण मास्तर, तुमचं अंगण खरंच वाकडं आहे हो."

खांबांचे खड्डे झाले, खांब उभे राहिले, ओळंबा लावून सरळ झाले. चार खांब दारापासून बाकाच्या जागेपर्यंत एका ओळीत होते. तेच घराच्या भिंतीच्या साथीनं वर मांडव धरणार होते आणि त्यांनाच आतून कठडा बसणार होता. मग फळ्या कापायचं काम मास्तरांनी दिवसा एकट्यानं उरकलं. संध्याकाळी मिस्त्री आले आणि बघतच राहिले. फळ्यांवर पेन्सिलीऐवजी शिंप्याच्या खडूच्या रेघा होत्या. आणि ओट्याच्या कडेला प्रत्येक फळी थोडी जास्त, कुठं थोडी आणखी जास्त, अशी बाहेर आलेली होती.

"हे काय मास्तर? ही कड आहे की मुलांचे दुधाचे दात?"

"दोन बोटं माया ठेवलीय."

"माया?" मिस्त्री खाली बसून हसले. "अहो, लाकडाला कुठली माया? लाकूड उसवून परत सोडता येतं का?"

"असू दे. लागली तर आहे."

"जित्याची खोड," मिस्त्री म्हणाले. त्यांनी दोरी ताणून रेघ मारली आणि करवतीनं सगळी माया एका रांगेत उडवली. मास्तरांना ते बघवलं नाही, ते चहा करायला आत गेले. मात्र दुसऱ्या दिवशी, वाकड्या अंगणामुळे ओटा एका बाजूला डुगडुगायला लागला तेव्हा त्याच तुकड्यांच्या पाचरा करून खाली ठोकाव्या लागल्या. मास्तर एकेक तुकडा मिस्त्रींच्या हातात देताना जरा जास्तच नम्रपणे देत होते.

मांडवावरचं छत त्यांनी स्वतः शिवलं. इथं त्यांना कुणाची शिकवणी लागली नाही. दुकानापुढची जुनी ताडपत्री माळ्यावर पडली होती. तिच्यावर दुकानाची अक्षरं होती, ती कापाकापीत इकडची तिकडे गेली. आता ओट्यावर बसून वर पाहिलं की ‘कोट’मधला ‘को’ एका टोकाला आणि ‘ट’ दुसऱ्या टोकाला दिसायचा. दोरा ओवायला मात्र तीन वेळा मिस्त्रींना हाक मारावी लागली.

राहिला कठडा. हाताला टोचणार नाही असं लाकूड त्यांना हवं होतं आणि तसं घरात एकच होतं. दोन दिवस ते टेबलाभोवती फिरले. तिसऱ्या दिवशी त्यांनीच टेबलाचे खिळे उपसले. चाळीस वर्षं कापड सरकून सरकून त्या फळीची कड अशी गुळगुळीत झाली होती की मिस्त्रींनी तिला रंधा लावायला साफ नकार दिला.

"उंची किती ठेवू?" मिस्त्रींनी विचारलं. "लोक छत्तीस इंच ठेवतात."

"लोकांचं सोडा. माझ्याकडे तिचं माप आहे."

मास्तरांनी कपाटातून मापाची वही काढली. लेकीच्या लग्नासाठी त्यांनी बायकोला एक लांब कोट शिवला होता, त्याची मापं सुबक अक्षरात होती. कंबर ते जमीन, अडतीस. आपल्या बायकोचं माप वहीत आहे याचं त्यांना त्या क्षणी फार बरं वाटलं. अडतीस इंचांवर भोकं पडली, बोल्ट बसले, आणि काम संपलं.

दोन दिवसांनी लेक आईला घेऊन आली. बाई वॉकर टेकत पुढच्या खोलीत शिरल्या आणि थबकल्या. खोली एकदम मोकळी वाटत होती.

"थोरली कुठं गेली?"

"मागं राहायला गेली," मास्तर म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. लेक छताकडे बघत होती. टकटक करत बाई मागच्या दाराशी आल्या. दाराला कुलूप नव्हतं. मास्तरांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. त्यांच्या हातांना घाम आला होता. पहिला कोट गिऱ्हाइकाला घालून बघताना आला होता, तसा.

पायऱ्या दिसतच नव्हत्या. उंबऱ्याला लागून फळ्या, कडेला कठडा, पलीकडच्या टोकाला बाक, आणि सगळ्यावर सावली. बाईंनी वॉकर उंबऱ्यापलीकडे ठेवला आणि उजवा हात कठड्यावर टाकला. एक पाऊल टाकलं. तिथंच थांबल्या. हात काढून घेतला आणि पाऊल मागं आलं.

"छान झालंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसत जा तिथं. मला नको."

"आई, असं काय करतेस? बाबांनी दीड महिना..." लेक म्हणाली. "नुसतं धर ना घट्ट. काही होत नाही."

"तिला काही बोलू नकोस," मास्तर म्हणाले. त्यांनी बघितलं होतं. कठड्याला हात लावताच बाईंचा उजवा खांदा कानाकडे चढला होता. खांदा चढला की हातावर भार पडत नाही, आणि भार पडला नाही की पाय विश्वास ठेवत नाही. "तिचं काही चुकलेलं नाही. कपडा चुकलाय."

"कसला कपडा?" बाई म्हणाल्या.

"कठडा. माप चुकलं माझं."

"कुणाच्या मापानं केलाय?"

"तुझ्याच. वहीत आहे. कोटाच्या वेळचं."

"म्हणजे लेकीच्या लग्नातल्या बाईसाठी केलाय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मग तिला बोलवा."

मास्तरांनी गळ्यात टेप अडकवला. बावीस वर्षांत त्यांनी बायकोचं माप घेतलं नव्हतं. त्या तयार कपडे आणायला लागल्या होत्या आणि दुकानात नेहमीच दुसऱ्या कुणाचं तरी काम घाईचं असायचं. ते गुडघ्यावर बसले, टेपचं टोक कमरेला धरलं, खाली आणलं. छत्तीस. त्यांनी पुन्हा मोजलं. छत्तीसच. रोज समोर असलेली बाई दोन इंच कमी झाली, आणि नजरेनं गिऱ्हाइकाचं माप सांगणाऱ्या माणसाला पत्ता नाही. त्यांना खरोखर लाज वाटली.

"बोला की," बाई वरून म्हणाल्या. "म्हातारी झालीस म्हणा."

"वही जुनी झालीय," मास्तर म्हणाले.

लेक जाऊन मिस्त्रींना घेऊन आली. मिस्त्रींनी आकडा ऐकला. ‘लोक छत्तीस ठेवतात’ हे त्यांच्या ओठांवर आलं असणार, पण ते गिळून त्यांनी पाना हातात घेतला. बाई दारात खुर्ची टाकून देखरेखीला बसल्या. बोल्ट निघाले, गिरमिटानं नवी भोकं पडली, फळी दोन इंच खाली बसली. मास्तरांनी तिच्यावर सगळा भार टाकून दोनदा हलवून पाहिलं.

बाई उठल्या. हात कठड्यावर ठेवला. मास्तर फक्त खांद्याकडे बघत होते. खांदा जागेवर होता. एक पाऊल, मग दुसरं. वॉकर लेकीच्या हातातच राहिला. सात पावलांत बाई बाकापाशी पोचल्या आणि बसल्या. भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "आलात का?" आणि बाई तेवढ्याच मोठ्यानं ओरडल्या, "आले!" मास्तरांनी चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती.

मिस्त्री हत्यारं गोळा करू लागले.

"मिस्त्री, थांबा," बाकावरून बाई म्हणाल्या. "या बोल्टांच्या खाली आणखी एकेक भोक पाडून ठेवा. मी काही छत्तीसवर थांबायची नाही, अजून उतरेन. नंतर कुणाला धावपळ नको."

मिस्त्रींनी मास्तरांकडे पाहिलं. लाकडाला माया नसते, हे त्यांनीच सांगितलं होतं. ते गिरमिट पुन्हा हातात घेऊन खांबापाशी बसले. "कुठं पाडू?"

मास्तरांनी खिशातून खडू काढला. बोल्टच्या खाली दोन बोटं ठेवून खूण केली. जरा थांबले. त्या खुणेखाली आणखी दोन बोटं ठेवून दुसरी खूण केली. आणि तिच्याखाली तिसरी.

"अहो, एवढी कशाला?" बाई म्हणाल्या. "एवढं कोण जगतंय?"

"असू दे," मास्तर म्हणाले. "लागली तर आहे."